कापसाच्या खोलीची कडी

लग्न होऊन पवनारहून सेलूजवळच्या गावात आले, तेव्हा बोलणीत कुणी न सांगितलेली एक गोष्ट माझ्याबरोबर आली. अर्धशिशी. महिन्यातून एकदोनदा डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा नाचायच्या आणि मग डावं कानशील ठणकू लागायचं.

मोठ्या जाऊबाई हसायच्या. "दुखते तं पुरं डोकं दुखावं. अर्धं काऊन दुखते?" कुणीतरी सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला सांगितली, तेव्हा तर घरात त्याचं नावच पडलं, जिलेबीचं दुखणं. मला इतका संताप यायचा की त्यापेक्षा ठणका परवडला.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की डोक्यातल्या रक्तवाहिन्या आधी आवळतात, मग ढिल्या पडून फुगतात आणि ठणकतात. पुढे म्हातारपणी वाचलं, की रक्तात सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ते उतरलं की त्या सैल सुटतात, असं त्या काळचे डॉक्टर धरून चालले होते. हे तेव्हा ठाऊक असतं, तरी जाऊबाईंपुढे त्याचा काय उपयोग होता?

दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घराच्या मधल्या खोलीत छतापर्यंत भरत. खोलीला खिडकी नव्हती. आत अंधार, आणि बाहेरचा आवाज कापूस गिळून टाकायचा. एका सकाळी वेचणाऱ्या बायांच्या भाकरी थापताना रेघा नाचू लागल्या. पीठ तसंच टाकून मी त्या खोलीत शिरले, दार ओढून घेतलं आणि कापसात डोकं खुपसलं. थोड्या वेळाने बाहेरून कडी पडली.

उठून दार ढकललं. हललं नाही. हाक मारावी तर माझाच आवाज कानशिलात बसायचा, आणि कापसातून तो बाहेर जाणार कुठे? धुळीने घसा सुकला. कामचुकार सुनेला सासूबाईंनी शिक्षा केली, याबद्दल मला शंकाच राहिली नाही. याच घरात जन्म काढायचा आहे आणि इथलं दार बाहेरून लागतं, एवढंच मनात फिरत होतं. मी रडले. रडण्याने ठणका वाढला, म्हणून रडणंही सोडावं लागलं.

दार उघडलं तेव्हा दिवस कलला होता. सासूबाई आत आल्या, हातात लुगड्याची फाडलेली पट्टी. त्यांनी ती माझ्या कपाळाभोवती करकचून आवळली. ठणका जरा खाली बसला.

"काऊन कोंडलं मले?" मी विचारलं.

"दार उघडं असतं तं मोठीनं तुले उठवून भाकरीले लावलं असतं. बाजारात धाडली म्हून सांगतलं मी." गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "मले बी होते अर्धशिशी. मले कधी कोनी कोंडलं नाई."

त्यानंतर कडीचा आवाज ऐकल्याशिवाय मला त्या खोलीत डोळा लागत नसे.

माघात, कापूस विकायच्या आधी, एका सकाळी सासूबाई चुलीपुढे एक डोळा मिटून बसलेल्या दिसल्या. मी त्यांच्या हातातला पिठाचा गोळा काढून घेतला. त्या भिंत धरत मधल्या खोलीपर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या.

"बाहेरून लावजो," त्या म्हणाल्या.