कोरडा सैपाक

मिस्त्रीमामा रिकाम्या स्वयंपाकघरातसुद्धा खाकरल्याशिवाय पाऊल टाकत नसत. घर नवं असो की जुनं, चपला बाहेर काढायच्या, उंबऱ्याशी थांबायचं, हळूच खाकरायचं आणि आतून कुणी "या" म्हणेल एवढा वेळ जाऊ द्यायचा. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा जुना ओटा फोडून झाला होता. खोलीत चार भिंती आणि सिमेंटची धूळ, बाकी काही नाही. मी म्हटलं, "मामा, आत कुणी नाही. या की!" ते म्हणाले, "तुमाला दिसत न्हाई म्हून न्हाईच म्हनायचं व्हय?" मी हसले. मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या बोलण्याला हसणं हे माझं कामच आहे.

मामा चौसाळ्याचे. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. मामांनी काठी सोडून रंधा धरला, बीडमधल्या एका फर्निचरच्या दुकानात कपाटं करता करता मॉड्युलर किचनपर्यंत आले. पण नजर मेंढपाळाचीच राहिली. म्हणायचे, "मेंढरू सांगतंय का कुटं दुखतंय ते? चालताना बघाव लागतं. बाईमानूस बी सांगत न्हाई. कामात बघाव लागतं." "म्हणजे आम्ही मेंढरं का?" मी विचारलं. तर म्हणाले, "न्हाई ताई. मेंढरू निदान लंगडतं तरी."

दुसरे लोक येतात, टेप लावतात, कॉम्प्युटरवर रंगीत चित्र काढून दाखवतात आणि ॲडव्हान्स मागतात. मामांचा टेप पहिल्या दिवशी खिशातून निघतच नसे. ते घरातल्या बाईला रिकाम्या खोलीत उभं करत आणि म्हणत, "ताई, आता एकडाव कोरडा सैपाक करून दावा." कोरडा सैपाक म्हणजे भांडी नाहीत, गॅस नाही, पीठ नाही. रोजचा सगळा स्वयंपाक हवेतल्या हवेत करायचा. बाई आधी लाजते, पदर तोंडाला लावते. पण पाच-सात मिनिटांत हात आपोआप चालू लागतात, कणीक मळली जाते, फोडणी पडते. मामा भिंतीला टेकून बघत राहत. मग खडूनं जमिनीवर आणि भिंतीवर खुणा करत. जिथं हात थांबेल तिथं ओटा, जिथं वळेल तिथं ट्रॉली.

या कोरड्या सैपाकात त्यांना काय काय दिसे कोण जाणे. सिरसाळ्याच्या एका म्हातारीची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. घरात ती आणि तिचा म्हातारा, दोघंच. पण कोरडा सैपाक झाल्यावर तिनं हवेतून ताटं काढून मांडली, ती पाच. मामांनी मोजली आणि ताटांचा स्टँड पाचाचा केला. मी विचारलं, "बाकीचे तिघे कोण हो?" मामा म्हणाले, "मी कावून इचारू? तिच्या घरचे हायेत. जागा तर लागंल ना त्यास्नी." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी तो पंख्याचा वारा म्हणून सोडून दिला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी या घरात दुसरेपणाची आले. आमच्या ह्यांची पहिली बायको संगीता काविळीनं गेली, तेव्हा ऋतुजा सहा वर्षांची होती. मी आले तेव्हा सात. ती मला मावशी म्हणायची आणि ते मीच सुचवलं होतं. घरातलं सगळं हळूहळू बदललं, पडदे, पलंग, देवघर. स्वयंपाकघर मात्र तसंच राहिलं. सात वर्षं मी संगीताच्या ओट्यावर भाकरी थापली. ती चणीनं लहान, मी ताडमाड. अडीच फुटांच्या त्या ओट्यावर वाकून वाकून माझी कंबर गेली. नणंदा आल्या की अजून म्हणायच्या, "संगीताच्या किचनमध्ये उजेड चांगला येतो." शेवटी मी ह्यांना सांगितलं, मला माझं स्वयंपाकघर पाहिजे. कोर्टातल्या कारकुनाला तारीख लांबवायची सवय. दोन वर्षं लांबवली, मग कबूल झाले. ऋतुजानं फक्त एवढंच विचारलं, "ओटा फोडायलाच लागतो का?" आणि आतल्या खोलीत गेली.

तर माझी पाळी आली. हे दारात उभे, मामा भिंतीशी. मी म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचा तमाशा. कणीक मळली, भाकरी थापली, वरणाला फोडणी दिली. मग मीठ घ्यायला माझा उजवा हात वर गेला, खिडकीच्या वर, डोक्याच्याही वर. टाचा उचलल्या. मीठ घेतलं, वरणात घातलं. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिथं कशाला हात नेलास?"

"मीठ घ्यायला."

"मीठ तर तू ओट्यावर ठेवतेस. तिथं फळी होती. तू यायच्या आधीच मी काढली, भोकं बुजवली, रंग दिला. तुला कुणी सांगितलं?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तर टाचा उचलायचीही गरज नव्हती, माझा हात तिथं सहज पोचतो. मामा खुणा करत राहिले. जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "ताई, तुमच्या अंगात दुसऱ्या बाईचा सैपाक हाय." मी चिडले. तुमचं काम करा म्हटलं.

त्यांनी केलं. महिनाभरात ट्रॉल्या आल्या, वर काळा ग्रॅनाइट बसला, मी निवडलेला आमसुली रंगाचा सनमायका लागला. देखणं झालं होतं. पहिल्या दिवशी मी परात ठेवली, भाकरी थापायला लागले आणि कंबरेत ती ओळखीची कळ आली. ऋतुजा दारात आली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं. म्हणाली, "मावशी, ओटा तेवढाच आहे!" मी टेप आणून लावला. अडीच फूट. एक दोराही इकडे-तिकडे नाही.

मामांना फोन करून नको नको ते बोलले. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले, खाकरले, आत येऊन ओट्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तीस वर्षांच्या कामात त्यांची ही पहिली चूक असावी. त्यांचा चेहरा बघून माझाच राग ओसरला. म्हणाले, "बगितलं बराबर हो ताई. पर कोनाला बगितलं, तिथं चुकलो. तुमी वाकून उभ्या व्हत्या. रिकाम्या खोलीत कोन वाकतंय? तवाच कळाय पायजे व्हतं."

मग त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले. "हात सोडा. सैपाकाचं ध्यानात आनू नका." मी उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, पण माझ्याकडे नव्हे, खिडकीकडे तोंड करून बोलल्यासारखा. "बाई, लेकराची काळजी हाय तुमाला, मला ठावं हाय. पर हिची कंबर मोडली. आता जरा सरका." मी विज्ञान शिकवते. तरीही सांगते, त्या क्षणी माझ्या पाठीवरून कुणीतरी हात काढून घेतला. मी ताठ झाले. मामांनी कोपरापासून माप घेतलं, तीन फुटांना दोन इंच कमी. डोळे उघडले तेव्हा दारात ऋतुजा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ओटा वर चढला. माझी कंबर दुखायची थांबली. आणि ऋतुजानं स्वयंपाकघरात येणं सोडलं. आधी ती दारातच बसून अभ्यास करायची, माझ्या पाठीकडे तोंड करून. आता ताट खोलीत घेऊन जाऊ लागली, निम्मं परत पाठवू लागली. आठवडाभरानं मी विचारलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तू वाकून भाकरी थापायचीस ना, तेव्हा मागून तशीच दिसायचीस." एवढंच बोलली. मी माझ्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात येऊन रडले. घर मिळवलं होतं आणि पोर घालवली होती. खरं सांगते, त्या खोलीत मला एकटीला करमेनासं झालं होतं. सात वर्षं तिथं माझ्याबरोबर कुणीतरी होतं, हे ती सवत निघून गेल्यावर कळलं.

एक ट्रॉली अडकत होती, ती बघायला मामा आले. मी त्यांना सगळं सांगितलं. रागानंच म्हटलं, "तुम्ही तिला घालवलीत, आता लेकीला समजवा." त्यांनी ट्रॉलीला हात लावला नाही. ऋतुजाला हाक मारली. "बाळा, सैपाक येतो का गं?" ती नाही म्हणाली. "मग कोरडा कर. त्यात काय करपत न्हाई."

ती ओट्याशी उभी राहिली आणि वाकली. चौदा वर्षांची पोर, पाठीला तो नेमका बाक. दारात आलेल्या ह्यांनी चौकट धरली. पण मी हातांकडे बघत होते. तिनं हवेतली कणीक मळून झाल्यावर बोटं झटकली, तीनदा, मी झटकते तशी. मग पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तोंड डावीकडे फिरवलं. मी तसं करते, वाफेनं चष्मा धुरकटतो म्हणून. ऋतुजाला चष्मा नाही.

मामा हळूच म्हणाले, "बगितलं का ताई? पाठ तिची हाय. हात तुमचे हायेत. कोन गेलंय कुटं?" मग खाली बसून ट्रॉली दुरुस्त करू लागले. ऋतुजा त्या दिवसापासून पुन्हा दारात बसू लागली, पण फारसं बोलत नव्हती आणि हाक मावशीचीच होती. मी म्हटलं, चालेल.

यंदा उन्हाळ्यात मामा गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. मी चौसाळ्याला जाऊन आले. दाराशी त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी मी भाकरी करताना बगत बसलेते. मी म्हनलं, काय बगताव? तर म्हनले, तुजं आजून समदं बगून झालं न्हाई." मी त्यांचा हात धरून बसून राहिले. मला वडील गेले तेव्हाही एवढं ओकंबोकं वाटलं नव्हतं.

परत आले तेव्हा ऊन उतरत होतं. हे अजून कोर्टातून यायचे होते. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, खराखुरा. परातीवर ऋतुजा वाकलेली, दाराकडे पाठ. मी उंबऱ्याशी थांबले. माझ्या पावलाचा आवाज झाला नव्हता, बांगडी वाजली नव्हती. तिनं मागं न बघता म्हटलं, "आई, हात धुऊन घे. वाढते."

मी मागं वळून पाहिलं. माझ्यामागं कुणी नव्हतं.