शुकशुकबाईंचा प्रबंध

शुकशुकबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता बहुधा फक्त बँकेत उरलं होतं. भाषा विभागात त्यांनी उभा जन्म व्याकरण शिकवलं. विद्यार्थी येत-जात राहिले, पण हे टोपणनाव मात्र एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे न चुकता पोचत राहिलं.

नाव पडलं ते त्यांच्या पीएचडीमुळे. तरुणपणी त्यांनी विषयच तसा निवडला होता : माणसं जनावरांना हाका कशा मारतात. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून बाई गावोगाव हिंडल्या. कोंबडीला 'टिक्-टिक्' कुठे म्हणतात नि 'बा-बा-बा' कुठे, कळपातली शेळी मागे वळवायची तर ओठ किती थरथरवायचे, मांजराला बोलावताना सगळ्यांच्या तोंडून वारा सुटल्यासारखा आवाज का निघतो, हे सगळं त्यांनी टेपवर घेतलं आणि त्याचा चांगला जाडजूड प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, "आणि डासांना काय म्हणून बोलवायचं, बाई?" खोलीत असा काही हशा पिकला की विभागप्रमुखांच्या बशीतला चहा विजारीवर सांडला. पदवी मिळाली, पण तो हशा बाईंच्या कानात घर करून बसला. पुढे प्रबंधाचं नाव त्यांनी काढलं नाही.

प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या तळघरात गेली. दुसरी घरी होती. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. त्यांनी ती प्रत कॉम्प्युटरच्या पडद्याखाली ठेवली होती. "एवढी नेमकी उंची दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची नाही," असं ते अगदी कौतुकाने सांगायचे.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एक दिवस विद्यापीठाचे ग्रंथपाल घरी आले. उंच, हडकुळे, बोलताना सतत खिशातलं पेन काढून परत ठेवणारे गृहस्थ. विद्यापीठाने संशोधनाचं एक खुलं डिजिटल भांडार सुरू केलं होतं. तळघरातले जुने प्रबंध स्कॅन करून इंटरनेटवर चढवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"तुमची परवानगी हवी होती," ते म्हणाले. "आणि प्रबंधात कॅसेटींचा उल्लेख आहे. त्या असतील तर सोन्याहून पिवळं."

बाईंचा चेहरा उतरला. "नको हो. एकदा हसून झालंय लोकांचं. तेव्हा खोलीभर माणसं होती, आता जगभर हसतील."

"हसू देत की," ग्रंथपाल म्हणाले. "पण बाई, तेव्हाचे लोक न वाचता हसले होते. हे निदान वाचून हसतील."

आतल्या खोलीतून घड्याळजी खो-खो हसले. बाईंनी तिकडे डोळे वटारले खरे, पण ओठांचा कोपरा हललाच. त्यांनी चहा टाकला. चहा झाल्यावर उठल्या, नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो पडदा उचला जरा," आणि प्रबंध ओढून काढून त्यावरची धूळ पदराने पुसली.

कॅसेटी माळ्यावर सापडल्या. निम्म्यांची फीत आत चिकटून बसली होती. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि गिऱ्हाइकांची घड्याळं बाजूला सारून कॅसेटींचं दुकान मांडलं. फीत सोडवता सोडवता ते पुटपुटत राहिले, "केवढी मेहनत केलीस गं. मला वाटायचं, माहेरी जातेस."

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बाई आणि ग्रंथपाल ध्वनिमुद्रण कॉम्प्युटरवर उतरवायला बसले तेव्हा पहिला आवाज आला तो स्वतः बाईंचाच. कोवळा, घाईघाईचा : "मावशी, परत एकदा म्हणा ना, ट्रक गेला मध्येच." बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एकामागून एक सुरू झालं. गुराखी, गवळणी, कबुतरं पाळणारा न्हावी, गाढवाची समजूत काढणारी कुंभारीण. ग्रंथपालांना प्रत्येक हाक करून बघायचा मोह आवरेना. बाजूच्या वाचनकक्षातून तक्रार आली, की आत शेळी शिरली आहे.

शेवटी सगळं चढवायचा दिवस उजाडला. ग्रंथपालांनी बाईंनाच खुर्चीत बसवलं. बाईंनी डोळे घट्ट मिटून बटण दाबलं.

"झालं?"

"झालं."

"आता कुणीही वाचू शकेल?"

"कुणीही. ओळखपत्र नको, पासवर्ड नको, वर्गणी नको. वापरताना तुमचं नाव तेवढं द्यायचं, बस्स."

बाई घरी आल्या आणि त्यांना चैन पडेना. कितीजणांनी प्रबंध उतरवून घेतला त्याचा आकडा भांडाराच्या पानावर दिसायचा. पहिल्या दिवशी एक. बाई हरखून गेल्या. मग लेकीचा फोन आला, "आई, उतरवला गं मी." दुसऱ्या दिवशी दोन. तो दुसरा म्हणजे घड्याळजी निघाले. ते नुसतं बघायला गेले होते आणि भलतंच बटण दाबून आले होते. पुढे आकडा हलेचना. "घरचीच माणसं," बाई म्हणाल्या. "आता त्या भाजीवालीला सांगा, म्हणजे तीन होतील."

आणि मग कुणा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना ते पान सापडलं. त्यांनी ते दहाजणांना कळवलं, त्या दहाजणांनी आणखी कुणाकुणाला. एका सकाळी बाईंनी पान उघडलं तर आकडा असा फुगलेला, की त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. घड्याळजींनी पडद्यावर टिचकी मारून पाहिली. आकडा कमी झाला नाही, उलट त्यांच्या डोळ्यांदेखत एकाने वाढला.

पत्रांचा नुसता पाऊस पडला. एका गृहस्थांची मांजर गच्चीच्या पत्र्यावर चढून बसली होती, त्यांनी टेप तीनवरची हाक लावली. मांजर उतरली, पण तिच्यामागून आळीतली सहा मांजरंही उतरली आणि आता ती जात नाहीत, तर जा कसं म्हणायचं ते प्रबंधात कोणत्या पानावर आहे? उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या एका ताईंनी लिहिलं, की शेळीची ओठ थरथरवायची हाक त्या वर्गात घेतात. एक मुलगा दोन वर्षं ओठच उघडत नव्हता, तो आता दिवसभर शेळ्या बोलावतो. त्याची आई कंटाळलीय आणि रोज तुम्हाला दुवा देते. हे पत्र बाईंनी घड्याळजींना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, पण निम्म्यात ते त्यांच्यापुढे सरकवलं. मग उरलेलं घड्याळजींनी वाचलं आणि शेवटी ते स्वतःच ओठ थरथरवून बघायला लागले. चष्म्यावर सगळे शिंतोडे.

बाई प्रत्येक पत्राला उत्तर द्यायच्या. स्वयंपाक वाऱ्यावर. दूध उतू गेलं तर म्हणायच्या, "जाऊ दे हो, समुद्रापलीकडून डुकरांचा माणूस विचारतोय." परदेशातल्या, अंगावरच्या केसांच्या झिपऱ्या लोंबणाऱ्या कसल्याशा बैलांना हाका मारणाऱ्या एका आजोबांनी आपली हाक पाठवली. ती ऐकून बाई सोफ्यावरून उठून चक्क नाचल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं म्हणून धावत आल्या आणि जाताना स्वतःच्या माहेरची बदकांची हाक देऊन गेल्या.

अशात एका बस चालवणाऱ्या बाईचं पत्र आलं. आपल्या गावच्या तळ्याचं नाव सहज शोधताना तिला हा प्रबंध सापडला होता. 'टेप सात, दुसरी बाजू,' तिने लिहिलं होतं. 'बदकांना हाक मारणारी बाई मध्येच ओरडते, पिटुकले, दार लाव, बदकं घरात शिरतील. ती पिटुकली म्हणजे माझी आई. आणि ओरडणारी माझी आजी. आईला मी ऐकवलं. ती स्वयंपाकघरात होती. तिने उठून दार लावलं.'

बाईंनी ते पत्र वाचलं, परत वाचलं, आणि तडक ग्रंथपालांना फोन केला. "गाडी काढा. आपण जातोय."

बाई, घड्याळजी आणि ग्रंथपाल पोचले तेव्हा पिटुकली दारातच उभी होती. चांगली धिप्पाड, पिकल्या केसांची, दार भरून उरेल अशी बाई. "मीच ती," ती म्हणाली आणि तिने शुकशुकबाईंना मिठीत घेतलं, तशी बाईंची पावलं जमिनीवरून सुटली. "तुम्ही आमच्या ओट्यावर बसला होता. मला ते यंत्र हवं होतं, म्हणून मी रडले होते."

तळ्यावर सगळं घर लोटलं. बदकं अजून होती, पण आता त्यांना डबा वाजवून बोलवत, आजीची हाक कुणाला येत नव्हती. बसवाल्या लेकीने मोबाइलवर टेप लावली. आजीचा आवाज पाण्यावरून गेला. बदकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आवाज मोठा केला. एका बदकाने पाठ फिरवली.

"तुम्ही म्हणा," पिटुकली बाईंना म्हणाली. "तुम्ही तिच्याकडून शिकलात ना?"

"अहो, एवढ्या माणसांत?"

"आपलीच माणसं आहेत."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे हसतच होते, पण असं की आपणही त्यात सामील व्हावं. त्यांनी पदर खोचला, हनुवटी वर केली आणि आवाज काढला : "त्वी-त्वी-तुर्रर्रर्र!" शेवटी तो चिरकला. परत काढला. या वेळी नीट जमला, लांब, गोल, पाण्यावर भाकरीसारखा फिरत गेला. एका बदकाने मान वर केली. मग सगळ्यांनी. आणि मग अख्खा कळप पाणी कापत, पंख आपटत, कलकलाट करत काठावर येऊन थडकला. ग्रंथपाल पुढे उभे होते, त्यांच्या बुटाच्या नाड्या बदकांना फार आवडल्या. ते पळत सुटले आणि निम्मी बदकं त्यांच्यामागे.

"आली! आईच्या हाकेला आली!" पिटुकली डोळे पुसत टाळ्या पिटत होती.

"हाकेला आली की तुमच्या पायापाशी ठेवलेल्या दाण्याच्या टोपलीला आली, हे मला शास्त्रीयदृष्ट्या सांगता येणार नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पुन्हा करून बघावं लागेल. टोपली घरात ठेवून या."

तो प्रयोग दुपारभर चालला. टोपलीसकट, टोपलीविना, बाईंच्या तोंडून, पिटुकलीच्या तोंडून, सुनेच्या तोंडून. पिटुकलीला हाक तिसऱ्या खेपेला जमली, अगदी आईसारखी. त्यानंतर तिने ती थांबवलीच नाही. ग्रंथपालांनी सगळं मोबाइलवर घेतलं आणि तिथेच काठावर बसून तिला विचारलं, "हे भांडारात ठेवू का? तुमच्या आणि आईंच्या नावाने?" पिटुकली म्हणाली, "ठेवा की. आणि मी 'पोरांनो, चिखलात हात घालू नका' म्हणून ओरडले ना मध्येच, ते कापू नका."

परतताना गाडीत कुणी गप्प बसेना. घड्याळजी सगळा दिवस नुसते बघत होते. सिग्नलला गाडी थांबल्यावर ते एकदम म्हणाले, की लहानपणी त्यांचे वडील म्हशीला एक हाक मारायचे. बाई चमकल्या. एवढा संसार झाला, आणि हा माणूस हे आज सांगतोय! "करून दाखवा बघू," त्या म्हणाल्या आणि ग्रंथपालांच्या खिशातला मोबाइल खेचून घेतला. घड्याळजी लाजले, खाकरले, काच खाली केली आणि पोटातून असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या मोटारसायकलवाल्याने हेल्मेट काढून पाहिलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. ग्रंथपाल स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होते आणि बाई ओरडत होत्या, "थांबा हो, थांबा, भोंगे संपू देत, हे परत घ्यावं लागणार!"