अव्वांच्या लुगड्याचं अत्तर

जे आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आधी लिहितो. कोरोनाच्या तापात बायकोला वास येईनासा झाला, तेव्हा मलाही येत नव्हता. तिने सांगितलं, मी सांगितलं नाही. गॅस सुटला, दूध करपलं तर घरात एकाला तरी कळायला हवं, असं ती म्हणायची. तुमचं नाक आहे म्हणून मला झोप लागते, म्हणायची. मग मी दर थोड्या वेळाने शेगडीची बटणं बघून यायचो.

त्याच साली अक्कलकोटला सासूबाई गेल्या. बायको त्यांना अव्वा म्हणे. त्यांचं एक इरकल लुगडं तिने आणून ट्रंकेत ठेवलं. ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत अव्वा अत्तराचा फाया ठेवायच्या, वर्ष सरलं की नवा. त्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हा तो बदलायला म्हणून आम्ही आमच्या शहरातल्या त्यांच्या नेहमीच्या अत्तरवाल्याकडे गेलो. अव्वांची शिशी सोबत होती, पण बायकोने ती साबणाने घासून लख्ख केलेली. आत काही उरलंय हे तिला कळणार कसं?

अत्तरवाल्याने तिच्या दोन मनगटांवर दोन अत्तरं लावली. दोन्ही गोड, दोन्ही कस्तुरीची. डाव्या हातावरच्यात गुलाब, उजव्या हातावरच्यात अंबर. अव्वा यांतलंच एक न्यायच्या, पण कुठलं ते त्याला आठवेना. बायकोने दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"तुम्हीच सांगा. दिवाळीला तुमच्या हाताला लावायच्या की अव्वा."

मी एक मनगट हुंगलं, मग दुसरं. पाणी हुंगावं तसं. अत्तरवाला म्हणाला, "साडी लेको आओ जी, सूंगको बताता मैं."

घर दहा मिनिटांवर होतं. पण लुगडं आलं की तो ते माझ्याही नाकाशी धरणार, ही भीती.

"गरज नाही," मी म्हणालो. "हेच ते." आणि उजव्या मनगटाला बोट लावलं.

रिक्षात ती तो हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती, पुसलं जाऊ नये म्हणून.

माझं नाक दीड वर्षाने परत आलं. एका दुपारी ती शाळेत शिकवायला गेली असताना मी ट्रंक उघडली. जड, चिकट अंबर. दिवाळीला हातावर असायचा तो गुलाब कुठेच नाही. घडी न् घडी हुंगली. जुन्या फायाचं जे काही धाग्यांत उरलं असेल, ते या अत्तराने गिळलं होतं. आता गुलाबाचं आणून लावलं तरी ते दुकानातलं असेल, अव्वांचं नसेल.

गेल्या आठवड्यात फोडणी देताना ती थांबली. लसूण कळतोय म्हणाली, थोडा थोडा. मग म्हणाली, पुरतं नाक आलं की सगळ्यात आधी अव्वांच्या लुगड्याची ट्रंक उघडणार.

त्याआधी हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं. तेवढं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.