फ्लेक्स दिसावा म्हणून आमची बकुळ छाटली

आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या गेटाशी एक बकुळ आहे. सकाळी कामावर येताना आम्ही बायका तिची पडलेली फुलं वेचतो, लूमच्या उरलेल्या सुतात ओवतो आणि केसात माळतो. झाडावरचं फूल कुणी तोडत नाही.

आज पोचले तर झाडाच्या सगळ्या फांद्या रस्त्यावर! कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स झाकला जात होता म्हणे.

"कुणाला विचारून तोडलं हे?" मी ओरडलेच.

फ्लेक्स बांधणारा हसत म्हणाला, "ताई, चिडताय कशाला? घ्या की फुलं फांदीवरनं. वाकायचा त्रास वाचला तुमचा!"

माझ्या शेजारच्या मशीनवर टॉवेल शिवणाऱ्या लक्ष्मीअक्का कधी कुणाला उलट बोलत नाहीत. आज बोलल्या. "आमी फूल पडायची वाट बघतो. तुमाला एवढा बी दम निघंना व्हय?"

फांद्या फुलांनी भरलेल्या होत्या. एकीनंही हात लावला नाही.

फ्लेक्स चार दिवसांत उतरेल हो. पण उद्या सकाळी गेटाशी आम्ही वाकायचं कशासाठी, तेवढं सांगा.