मोठ्या खिळ्यांची आठ पानं

शिवदासच्या ताटातल्या माशाचे काटे तुळशी काढून ठेवू लागली, त्याला आता दुसरं वर्ष होतं. तिनं कधी काही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. बांगडा असो की बोय, ती बोटांनी चाचपून घ्यायची आणि मग ताट नवऱ्यापुढे सारायची. तो मान खाली घालून जेवायचा. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला ताटातला काटा दिसत नाही, ही गोष्ट घराबाहेर जाऊन चालणारी नव्हती.

अलिबागच्या बाजारातल्या त्या छापखान्यात शिवदास सतराव्या वर्षी लागला होता. आता साठीला दोनच वर्षं उरली होती. लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, देवस्थानांची पावतीपुस्तकं अशी कामं तिथं होत. पण छापखान्याचं नाव होतं ते 'अष्टागर-बोध' या मासिकामुळे. सुपारीच्या वाड्यांवरची रोगराई, हरिहरेश्वरच्या यात्रेचं वर्णन, घरगुती औषधं आणि शेवटी दर अंकात पुढे सरकणारी एक चालू कादंबरी. वाचणारे बहुतेक उतारवयाचे. नागावचे वाडीवाले, तळा गावचे वैद्य, पेन्शनीत निघालेले मास्तर. तरुण माणसं मुंबईला गिरणीत आणि कचेरीत गेलेली. मागे राहिलेल्यांना महिन्याकाठी येणारा हा अंक म्हणजे घरी आलेला पाहुणाच.

जुने मालक त्रिंबकराव यांची एक रीत होती. पान छापण्याआधी त्याचं कच्चं मुद्रित ते दाराच्या फळीला टाचायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि हातभर मागे उभे राहून मोठ्यानं वाचायचे. जिथं अडखळले ते पान परत. "शिवदास, ओळी मोकळ्या कर. माझी अडचण म्हणजे गिऱ्हाइकाची अडचण," एवढंच म्हणायचे. मग शिवदास दोन ओळींमध्ये शिशाची आणखी एक पट्टी सरकवायचा. अंक निघाला की पहिली प्रत, शाई पुरती वाळण्याआधी, शिवदासनं मालकांच्या घरी नेऊन त्यांच्या पत्नी सत्यवतीवहिनींच्या हातात द्यायची, हीही रीतच.

एकोणीसशे तीस साली त्रिंबकराव गेले. मुलगा मनोहर मुंबईची नोकरी सोडून आला, तो येताना तिथल्या रंगीत मासिकांचा एक गठ्ठा घेऊन. पुढच्या दोन वर्षांत त्यानं अंकाचं रूप पार पालटलं. खिळे लहान आले. पानाचे दोन उभे भाग झाले. मजकूर जास्त बसावा म्हणून ओळींमधल्या पट्ट्या निघाल्या. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत जाऊन अडकायला लागले. कविता गुलाबी शाईत, आणि तिच्याखाली फिक्या हिरव्या रंगात नारळीची झाडं. कागद गुळगुळीत. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत तो रेवसला उतरवून घ्यावा लागे, आणि आषाढाच्या दमट हवेत त्याची पानं एकमेकांना चिकटून बसत.

"काका, ह्यो कागद म्हंजे नवरीचा शालू," पायानं छपाईचं यंत्र चालवणारा दादू म्हणायचा. "वाचायचा का नेसायचा?"

"गप रे. ऐकतील."

"ऐकू देत की! माझं काय, मला वाचायलाच येत न्हाय."

मनोहर वाईट नव्हता. लहानपणी याच शिवदासच्या खांद्यावर बसून तो बंदरावर होड्या बघायला गेला होता. पहिला नवा अंक हातात घेऊन तो हौसेनं म्हणाला, "शिवदासकाका, एका पानात आता पावणेदोन पानांचा मजकूर बसतोय. कसं वाटतंय?"

शिवदासनं पान डोळ्यांजवळ नेलं. करड्या मुंग्यांची रांग दिसावी तसं काहीतरी दिसलं. तोंडाशी आलं होतं, की हे कुणाला वाचता येणार नाही. पण पुढचा प्रश्न त्याला आधीच ऐकू आला, 'का हो काका, तुम्हांला दिसत नाही की काय?' तो म्हणाला, "मजकूर बसतो खरा."

त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचं पडळ आलं होतं, डाव्यात येत होतं. बाजारातला चष्मा उपयोगाचा नव्हता. हस्तलिखितं मोठ्या अक्षरात असत, ती खिडकीशी धरली की लागत. आणि कुठला खिळा कुठल्या खणात, हे चाळीस वर्षांत बोटांना पाठ झालं होतं. चुका मनोहर मुद्रितावर काढायचाच. असे दिवस निघत होते. रोज संध्याकाळी मान अशी आखडायची की तुळशी गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकून द्यायची.

त्या महिन्याची पहिली प्रत घेऊन तो सत्यवतीवहिनींकडे गेला. त्या ओटीवर उन्हाच्या कडेला बसल्या होत्या.

"बसा हो शिवदास. छान झालाय की अंक! कागद तर कसा लखलखीत."

त्या पानं उलटत होत्या, आणि शिवदास त्यांच्याकडे बघत होता. पूर्वी त्या ओळीखाली बोट धरून वाचायच्या, ओठ हलायचे. आता बोट मांडीवर होतं. केसांच्या तेलाच्या जाहिरातीपाशी त्या जेवढ्या थांबल्या तेवढ्याच कादंबरीपाशी. कागदावर पडलेलं ऊन त्यांच्या कपाळावर चमकत होतं.

अंक मिटून त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "मग कोकिळेचं काय झालं हो पुढे?"

कोकिळा म्हणजे चालू कादंबरीतली नायिका. शिवदासनं सगळं प्रकरण स्वतः जुळवलं होतं. त्यानं सांगितलं, कोकिळा सासर सोडून तळ्याला मामाकडे कशी आली, मामीनं दारात काय ऐकवलं. वहिनी ऐकत राहिल्या.

"मनोहरला विचारायची सोय नाही. म्हणेल, अंक दिलाय की हातात," त्या म्हणाल्या. "माझंच वय झालं, दुसरं काय."

शिवदासला बोलायचं होतं. 'वय तुमचं झालं, पण दोष पानाचा आहे.' तो नुसता "हं" म्हणाला आणि उठला. दीड वर्ष असं चाललं. दर महिन्याला तो गोष्ट सांगायचा आणि तेवढंच सांगून परतायचा.

वाचकांकडून अंक परत यायला लागले. वेष्टनाच्या कागदी पट्ट्यावर 'नको' एवढंच लिहिलेलं. काहींची पत्रंही आली: पूर्वीसारखा रस राहिला नाही, मन लागत नाही, आता पुरे. अक्षर बारीक आहे असं एकानंही लिहिलं नव्हतं. ज्याला त्याला वाटत होतं, डोळे आपलेच गेलेत. ते चारचौघांत कोण कबूल करणार? मनोहरनं पत्रं वाचली, चित्रं वाढवली, विनोदाचं एक पान घातलं. अंक येतच राहिले परत.

भाद्रपदात एका दुपारी तो म्हणाला, "काका, लोकांना वाचायचंच नाही. दिवाळीचा अंक काढू आणि बंद करू. लग्नपत्रिकांवर छापखाना चालेल. तुमचं काम आहेच, काळजी नको."

शिवदास घरी आला आणि न जेवता आडवा झाला. गप्प राहिलं तर नोकरी राहत होती. लग्नपत्रिकेचे खिळे मोठे, त्याला सहज जमणारे. आणि खरं बोललं तर नोकरी जाईल, अंक मात्र तगेलच असं नाही.

"काय झालं?" तुळशीनं विचारलं.

"काही न्हाय. दमलोय."

"ते मला दिसतंय," ती म्हणाली, आणि 'मला' या शब्दावर क्षणभर थांबली.

जुने मोठे खिळे वितळवायला पाठवा, असं मनोहरनं मागेच सांगितलं होतं. त्यांच्या खणांच्या दोन पेट्या शिवदासनं आणि दादूनं गोणपाटाखाली बाकड्यामागे सारून ठेवल्या होत्या. पुढच्या दोन रविवारी, दुपारच्या उजेडात, शिवदासनं त्या बाहेर काढल्या. दिवाळीच्या अंकासाठी आलेलं कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्यानं त्या खिळ्यांत जुळवलं, ओळींमध्ये पट्ट्या घालून, जुन्या खरखरीत कागदावर. आठ पानं झाली. एकच प्रत. त्याला फक्त एवढं हवं होतं, की शेवट तरी वहिनींनी आपला आपण वाचावा. सांगायचं त्राण आता त्याच्यात राहिलं नव्हतं.

"सापडलो तर काय सांगायचं?" यंत्रावर पाय मारत दादूनं विचारलं.

"मी केलं म्हणून सांग."

"सांगणारच. मला कुठं वाचाय येतंय, खिळे जुळवाय?"

वहिनींना पानं दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मनोहर छापखान्यात आला तो ती आठ पानं हातात घेऊन.

"हे कोणी जुळवलं?"

दादूनं यंत्र थांबवलं. शिवदास उठून उभा राहिला. "मी."

"काल आईचा चहा समोर थंड होऊन गेला. ओठ हलवत वाचत बसली होती. दीड वर्षात तिला असं वाचताना पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं." मनोहरनं मेजावरचा ताजा अंक उचलून पुढे केला. "हे वाचा, काका."

शिवदासनं अंक हातात घेतलाच नाही. "नाही वाचता येत."

"केव्हापासून?"

"दोन पावसाळे झाले."

"मग जुळवता कसं?"

"बोटांनी."

"आणि बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर तुम्ही हेच विचारलं असतंत, जे आत्ता विचारलंत."

मनोहर स्टुलावर बसला. परत आलेल्या अंकांच्या ढिगातला वरचा अंक उचलून त्यानं त्या आठ पानांशेजारी ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "बारीक काम तुमच्याकडून नाही घेता येणार, काका. पत्रिकाही नाही. नाव चुकलं तर लोक दारात येतात."

"माहीत आहे."

दिवाळीचा अंक शेवटचा ठरला नाही. मोठे खिळे आणि ओळींतल्या पट्ट्या परत आल्या, कागद साधा झाला. पानं वाढली म्हणून चित्रं गेली. गेलेल्या वाचकांतले सगळे काही परत आले नाहीत. शिवदास आता खणांपाशी नव्हता. मागच्या पडवीत बसून तो छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, फर्म्यांच्या, घड्या घालायचा, पगार निम्म्यावर आला होता. बोटं मोकळी पडल्यासारखी वाटायची, कधीकधी मांडीवरच खण शोधायची.

मात्र दर महिन्याला पहिलं मुद्रित निघालं की मनोहर ते दाराच्या फळीला टाचायचा आणि हाक मारायचा, "काका, या."

शिवदास कंबर धरून उठायचा, हातभर अंतरावर उभा राहायचा आणि डाव्या डोळ्यानं, सावकाश, एकेक ओळ वाचायचा. एकदा तिसऱ्या ओळीवर तो अडला.

"इथं दिसत नाही मला."

"पट्टी घालू?"

"घाला एक," तो म्हणाला, आणि पुन्हा पडवीत जाऊन घड्या घालायला बसला.