बाबांच्या डाव्या हाताने निवडलेली मोटरहोम

मंडळी, न्यूझीलंडच्या ट्रिपसाठी भाड्याची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, पेट्रोलची घ्यायची की डिझेलची, यावरून आमच्या सिंगापुरातल्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर नुसती जुंपली होती. मला शांत पेट्रोलची हवी, नवऱ्याला चढावर न दमणारी डिझेलची.

आज वैतागून सासऱ्यांना दोन्हींचे व्हिडिओ लावून दिले. बाबा रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. पेट्रोलला ढिम्म! डिझेलचं इंजिन घरघरलं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा डावा हात गिअर शोधायला लागला.

हरले मी. डिझेलची बुक केली.

बाबा खुशीत सासूबाईंना म्हणाले, "चालवणार मी, शेजारची सीट तुझी."

"बसते की! पण जन्मभर तुमची गाडी ठरलेल्या स्टॉपवरच थांबली. आता मी म्हणेन तिथे थांबवायची."

तर सांगा, सासूबाईंना गाडी कुठे कुठे थांबवायला सुचवू?