यशवंत पेंटरचा पंधरावा वैमानिक

यशवंत पेंटर गेल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मी तो खोटा ठरवला. आदल्याच दिवशी दुपारी तो दिग्रसच्या बसस्टँडसमोर शिडीवर उभा राहून एका कृषी केंद्राच्या पाटीवर कपाशीचं बोंड रंगवत होता. मी खालून ओरडलो, "या वयात शिडी कशाला?" तर ब्रश न थांबवता वरूनच म्हणाला, "खालून हात पुरत नाही, भासेबुवा." अशा माणसाचं एका रात्रीत काय होणार? शिवाय गेल्या वर्षी गावातल्या एका धडधाकट गुरुजींना याच मोबाइलवर श्रद्धांजली वाहून झाली होती. म्हणून मी आधी निरोप पाठवणाऱ्याला फोन केला, मग यशवंतच्या शेजाऱ्याला, आणि तिसरा फोन थेट यशवंतला लावला. तो त्याच्या मुलीनं, करुणानं उचलला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "काका, खरं आहे." मला ओळखणाऱ्यांना माझ्या प्रश्नांची इतकी सवय आहे...

पाच आठवडे झाले त्याला. लिहायला बसलो आहे, तरी मनात येतंच, की हे मी त्याच्यासाठी लिहितो आहे की माझी बाजू मांडायला? वाचणाऱ्यानं ठरवावं. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कोणी काही सांगितलं की 'कशावरून?' हा शब्द माझ्या तोंडातून आपोआप निघतो. शिक्षकाच्या नोकरीत तो गुण ठरला. घरात आणि मैत्रीत तो काय ठरला, ते आता कळतंय.

यशवंत माझ्या आजोळचा. मारेगावपासून थोडं आत असलेलं ते गाव. मामाचं घर वरच्या अंगाला, त्याचं नाल्यापलीकडे. माझी आई गावची लेक, म्हणून मी अख्ख्या गावाचा भाचा. त्या बोलीत भासा. सुट्टीत गेलो की आम्ही दोघं दिवसभर बोरी-बाभळीत. कोळशाचा तुकडा मिळाला की तो भिंतीवर बैल काढायचा, आणि मी सांगायचो की बैलाचा खूर असा नसतो. तेव्हापासून आमचं हेच चाललं होतं. मामाच्या ओसरीवर मात्र तो कधी चढला नाही. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही. सतत प्रश्न विचारणारा मुलगा नेमका तिथे कसा गप्प बसला, याचंही मला पुष्कळ दिवस काही वाटलं नाही.

पुढे तो पाट्या रंगवायला दिग्रसला आला, माझी बदलीही इथेच झाली. ट्रकच्या मागचे मोर, दुकानांची नावं, बुद्धविहारातली चित्रं, सगळं त्याच्या हातचं. मी निवृत्त होऊन वाचनालयाचा सचिव झालो, तेव्हा कार्यकारिणीनं ठरवलं की मुलांच्या खोलीत विमानविद्येच्या पहिल्या मानकऱ्यांची चित्रं लावायची. काम अर्थातच यशवंतकडे गेलं. पहिल्याच बैठकीत एक सभासद म्हणाले, "सुरुवात पुष्पक विमानापासून करा." यशवंत हात जोडून म्हणाला, "काढतो ना, साहेब. फक्त थे चालवत कोण होतं अन् त्याचं तोंड कसं होतं, तेवढं सांगा. म्या पाह्यलं नाही." सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो, कारण ते वाक्य मला माझंच वाटलं.

चौदा चित्रं त्यानं आठ महिन्यांत केली. टेकडीवरून कापडी पंख बांधून उडी घेणारा दाढीवाला, सायकली दुरुस्त करणारे दोघं भाऊ एकाच चौकटीत, समुद्राची खाडी ओलांडणारा मिशीवाला, कातडी टोपीतली ती बाई, जिनं एकटीनं महासागर पार केला. जुन्या ज्ञानकोशातले फोटो मी त्याला काढून द्यायचो, आणि तो ते परत करायचा. "हा नाही चालत. हा नाव झाल्यावरचा फोटो आहे, स्टुडिओतला. याच्या डोळ्यात भेव नाही." मग पुन्हा शोध. त्याचं म्हणणं असं, की हे लोक शूर होते ते नंतर. आधी ते संशयी होते. "ज्याचा हवेवर विश्वास बसला तो पडला, भासेबुवा. जो टिकला, थो सारखा वर पाहून राह्यला, का ही आता दगा देते का मंग." खरंच, त्याच्या चौदाही चित्रांत सगळे जण वर बघतात. कोणाच्याही चेहऱ्यावर विजय नाही. मुलं पहिल्यांदा आली तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "हे सगळे पावसाची वाट पाहतात का?"

उद्घाटनाच्या चार दिवस आधी तो पंधरावं चित्र घेऊन आला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. उलगडलं तर डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. खाली त्याच्या सुबक अक्षरात: 'राघो जागल्या. एक फेरी.'

"हे कोण?" मी विचारलं.

"माझा आजा."

गोष्ट त्यानं उभ्या उभ्याच सांगितली. इंग्रजांच्या काळात एका साहेबाचं दोन जागांचं विमान आमच्या आजोळच्या शिवारात, वेचणी झालेल्या कपाशीत उतरलं. इंजिन तापलं होतं. वणीहून तेल येईपर्यंत तीन दिवस ते तिथेच होतं, आणि राखणीला गावचा जागल्या, म्हणजे यशवंतचा आजा. निघण्याआधी साहेबानं इंजिन तपासायला एक फेरी मारली आणि मागच्या जागेवर राघोला बसवलं. आपल्या जिल्ह्यातला आकाशात गेलेला पहिला माणूस तो, असं यशवंतचं म्हणणं.

मी विचारलं, "कशावरून?"

"माझ्या बापानं सांगतलं."

"फोटो? कागद? कुठल्या पुस्तकात?"

त्यानं लुगड्याची घडी घालायला घेतली. मग मी चित्रातल्या चेहऱ्यावर आलो. राघो हा यशवंत रांगत असतानाच गेलेला. मग हे तोंड कोणाचं? नाक तर सरळ यशवंतचं होतं. मला खात्रीच वाटली की यानं वैमानिकांच्या रांगेत स्वतःला बसवलं. मी तसं बोलून दाखवलं. तो चिडला नाही. "आमचे फोटो त्या काळी कोण काढे, भासेबुवा? माझं नाक घेतलं, बापाचं कपाळ घेतलं, आत्याची हनुवटी. तिघायत जे सारखं होतं, थे आज्याचं असन असं समजलो. दुसरा उपाय काय होता?"

"पुष्पकाला तूच पुरावा मागितला होतास," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार बिनतोड वाटलं होतं.

त्यानं घडी केलेलं लुगडं टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "मामीले विचारा ना तुमच्या. एकडाव विचारून पाहा."

मी "विचारतो" म्हणालो आणि चित्र कपाटात ठेवलं. पुरावा मिळेपर्यंत, असं कार्यकारिणीच्या वहीत लिहिलं. चौदा चित्रांचं उद्घाटन झालं. यशवंत आला, शेवटच्या रांगेत बसला, चहा पिऊन गेला.

त्याला सहा वर्षं झाली. आमचं बोलणं बंद पडलं नाही. तो वाचनालयात यायचा, पेपर चाळायचा, कपाटाकडे बघायचाही नाही. मला उलट त्याचाच संशय येऊ लागला. हा विचारत कसा नाही? खोटं असल्यामुळेच का? त्या सहा वर्षांत मी निदान दहा वेळा आजोळी गेलो. मामीच्या हातचं पिठलं खाल्लं, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. राघोचं नाव काढलं नाही. वेळ नव्हता, विषय निघाला नाही, मामी दमली होती... कारणं भरपूर होती. खरं एवढंच, की उत्तर काय येईल याचा मला अंदाज होता, आणि ते उत्तर कोणाच्या घरातून येणार आहे याचाही.

यशवंतच्या अंत्यविधीला पांढऱ्या कपड्यांतली खूप माणसं होती. पंचशील झालं, दोघंतिघं बोलले. मला बोलायला सांगितलं, तर मला त्याच्या बोंडांशिवाय आणि मोरांशिवाय काही सुचेना. निघताना करुणा जवळ आली. ती पुसदला दवाखान्यात सिस्टर आहे, मोजकं बोलते. मला वाटलं, आता ही चित्राचं काढणार. तिनं काढलंच, पण तसं नाही. "बाबा म्हणायचे, काका एक दिवस विचारायला जातील. त्यांना खोटं सहन होत नाही, म्हणायचे." ती हे टोचून बोलली की सहज, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या आठवड्यात मी आजोळी गेलो. मामी नव्वदी ओलांडलेली. कानानं कमी, पण आठवण लख्ख. आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि मोठ्यानं विचारलं, "मामी, शिवारात विमान उतरलं होतं का कधी?"

"उतरलं होतं ना. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. सासूबाई सांगत."

"त्यात कोणी बसलं होतं?"

तिचा हात सुपात थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

"यशवंतनं. पेंटर. गेला तो परवा."

तिनं दाराकडे बघून घेतलं. बाहेर माझा मामेभाऊ फोनवर तुरीचं काही बोलत होता. मग तिनं आवाज खाली आणला. साहेबाला मागच्या जागेवर वजन हवं होतं. मान म्हणून पहिल्यांदा माझ्या आजोबांना विचारलं. "मामंजी पायरीवर पाय ठेवत अन् खाली उतरत. पाय ठेवत अन् उतरत. सासूबाई हसू हसू सांगे. शेवटी साहेबानं त्या राघोले बोट केलं. थो बसला गुपचाप. गेलं वर. नाल्यावरून, घरावरून, मारोतीच्या देवळावरून एक चक्कर झाली."

"मग?"

"मंग काय. ज्याले देवळाच्या पायरीवर येऊ देत नोते, थो कळसावरून गेला. मामंजीनं पंच बसवले. ठरलं, का कोणीच गेलं नाही. साहेब एकटाच उडला."

"आणि राघो? त्याला मारलं?"

"नाही, बाप्पा. मारलं असतं तर कायले मारलं थे सांगा लागलं असतं." तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "सैपाकघरात सगळ्यायले माहीत होतं. ओसरीवर कोनालेच माहीत नोतं."

मी सवयीनं मनात पुरावा तपासला. ऐकीव आहे. दोन बायकांच्या तोंडून आलेलं आहे. पण स्वतःच्या घराची नाचक्की कोण रचून सांगतं? आणि सासूनं सुनेला हसत सांगितलेली गोष्ट खोटी असण्यात कोणाचा काय फायदा? निघताना मी मामीच्या पाया पडलो, तर ती म्हणाली, "पेंटर आलता एकदा. मांगच्या दारानं. मी त्याले म्हटलं, तुया आजा गेलता बरं वर. तेवढंच पायजे होतं त्याले. म्हणे, आजी, भासेबुवाले तुम्ही आपल्या मनानं सांगू नका. त्यायनं विचारलं तरच सांगा."

म्हणजे त्याला माहीत होतं. साक्षीदार त्याच्याकडे होता, आणि सहा वर्षं तो माझ्या विचारण्याची वाट बघत होता. परतीच्या एसटीत मला एकदाही डुलकी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. चित्राला वाळवी लागली असेल अशी धास्ती होती, पण लुगडं शाबूत होतं. खिडकीशी धरून पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की राघो इतर चौदा चित्रांतल्या लोकांसारखा वर बघत नाही. तो खाली बघतो. पूर्वी मी एक नजर टाकून समजलो होतो की जागल्याची नजर खाली असायचीच. आता पाहिलं, तर ती झुकलेली नव्हती. पापण्या उघड्या, भुवया किंचित वर. खाली बरंच काही लहान लहान दिसत असावं, तशी ती नजर होती.

चित्र लावायच्या दिवशी करुणाला बोलावलं. खिळा ठोकण्याआधी मी तिला म्हणालो, "खाली 'असे सांगतात' एवढे दोन शब्द घालू का? कोणी विचारलं तर..."

ती चौदा चित्रांवरून एकेक करत नजर फिरवून आली. "या सगळ्यांच्या खाली लिहिलंय का तसं, काका?"

मी हातोडा उचलला.

आठ दिवसांत मामेभावाचा फोन आला. कोणीतरी त्याला चित्राचा फोटो पाठवला होता. "काढून टाक ते. घराण्याची अब्रू आहे." मी विचारलं, "तू मामीशी बोललास?" त्यानं फोन ठेवला. या दिवाळीला आजोळचं बोलावणं आलेलं नाही. सचिवपद कोणाला तरी हवं झालं आहे, असंही कानावर येतं. म्हणून मी मुलांच्या खोलीची किल्ली स्वतःकडे घेतली, आणि माझं टेबल त्या खोलीच्या दारासमोर सरकवून घेतलं. कोणी आत गेलं की बाहेर येईपर्यंत माझी मान वळलेली असते. संशय गेलेला नाही, फक्त त्यानं दिशा बदलली.

परवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होती. वही छातीशी धरून तिनं पंधराही चित्रं पाहिली आणि शेवटच्यापाशी येऊन थांबली. मग माझ्या टेबलाशी आली.

"सर, ते शेवटचे कोण आहेत? बाकीच्यांसारखे बाहेरदेशचे नाही वाटत."

"नाहीत," मी म्हणालो. "माझ्या आजोळचे आहेत."